एका सेकंदाच्या पंचवीस चौकटी

दादासाहेब फाळके १९१२ साली लंडनहून कॅमेरा घेऊन मुंबईला परतले, तेव्हा त्यांच्यापुढे सर्वांत मोठी अडचण होती ती पैशाची. चित्रपट ही गोष्ट इथे बनू शकते, यावर विश्वास ठेवून रक्कम द्यायला कोण तयार होणार? फाळक्यांनी एका कुंडीत वाटाण्याचा दाणा पेरला, कॅमेरा तिच्यासमोर पक्का बसवला आणि रोज थोडं थोडं चित्रण केलं. दाणा फुटला, कोंब वर आला, वेल झाली. महिनाभराची ती वाढ पडद्यावर काही क्षणांत उलगडली. 'अंकुराची वाढ' या नावाने ओळखली जाणारी ती चिमुकली फिल्म पाहून नाडकर्णी नावाच्या व्यापाऱ्याने पैसे दिले आणि ३ मे १९१३ रोजी 'राजा हरिश्चंद्र' प्रदर्शित झाला. पुढे १९१५ मध्ये फाळक्यांनी काड्यापेटीतल्या काड्या एकेक चौकटीगणिक हलवून 'आगकाड्यांची मौज' केली. आपल्याकडच्या अ‍ॅनिमेशनची सुरुवात अशी कुंडीतल्या दाण्यापासून आणि काड्यापेटीपासून झाली आहे.

जबलपूरमध्ये राहून मोशन ग्राफिक्स शिकू पाहणाऱ्या मुलामुलींना मी हीच गोष्ट आधी सांगेन. हिवाळ्यात पाटण आणि शहपुरा भागातला मटार गाड्या भरभरून बाहेर जातो. 'एक जिल्हा एक उत्पादन' योजनेत या जिल्ह्याच्या वाट्याला मटारच आला आहे. म्हणजे फाळक्यांचा पहिला धडा इथे शब्दशः अंगणात उगवतो. त्याला लागतं काय? एक कुंडी, एक मोबाइल, तो हलणार नाही असा स्टँड आणि एक टेबललॅम्प. उन्हावर विसंबू नये, कारण सकाळचा आणि दुपारचा उजेड वेगळा असतो आणि मग फिल्म सारखी लुकलुकते. खिडकीचा पडदा ओढून घ्यावा, दिवा एकाच जागी ठेवावा, मोबाइलमधला फोकस आणि एक्स्पोजर लॉक करावं. आता हिशेब. सेकंदाला १२ चित्रं धरली तर १० सेकंदांच्या फिल्मला १२० फोटो लागतील. वाढ २० दिवसांची पकडायची असेल, तर रोज ६ फोटो, ठरलेल्या अंतराने. हा हिशेब कागदावर मांडला की शिकणारा पहिल्यांदा एका वेगळ्याच चलनात विचार करू लागतो. तो वीस दिवस घेऊन त्यांचे दहा सेकंद करतो. अ‍ॅनिमेशन म्हणजे वेळेची ही देवाणघेवाण. चित्रकला, रंग, सॉफ्टवेअर सगळं तिच्या मागून येतं, असं माझं ठाम मत आहे.

मोशन ग्राफिक्स हे अ‍ॅनिमेशनचंच एक घराणं. त्यात पात्रांची गोष्ट असेलच असं नाही. अक्षरं, आकृत्या, नकाशे, आकडे, बोधचिन्हं यांना हालचाल दिली जाते: चित्रपटाची नामावली, बातम्यांतला निवडणुकीचा तक्ता, लग्नाची व्हिडिओ पत्रिका, शाळेच्या धड्यातलं हृदयाचं चित्र. या क्षेत्राचं नाव रूढ होण्यामागे जॉन व्हिटनी नावाच्या अमेरिकन कलावंताचा मोठा हात आहे. १९६० मध्ये त्याने 'मोशन ग्राफिक्स इन्कॉर्पोरेटेड' ही कंपनी काढली. त्याचं यंत्र कुठून आलं होतं हे जबलपूरकरांनी मुद्दाम ऐकण्यासारखं आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर विमानवेधी तोफांची नेम साधणारी यंत्रं भंगारात निघाली होती. विमान आत्ता कुठे आहे, त्याचा वेग किती आणि गोळा तिथवर पोहोचेल तेव्हा ते कुठे असेल, याचं गणित ही यंत्रं दातेरी चाकांनी सोडवत. व्हिटनीने असं यंत्र घेऊन त्याला चित्रं काढायला लावलं. हिचकॉकच्या 'व्हर्टिगो' (१९५८) या चित्रपटाच्या नामावलीत गरगरत उलगडणारी जी वर्तुळं दिसतात, ती याच मार्गाने आली. नामावलीचं संकल्पन सॉल बासचं होतं. ज्या शहरात १९०४ पासून तोफगाड्यांचा कारखाना आहे, जिथे घराघरांत कोणी ना कोणी तिथे किंवा खमरियाच्या दारूगोळा कारखान्यात नोकरी केलेली आहे, तिथल्या मुलाला ही कला परकी वाटायचं कारण नाही. आज संगणकावर आपण जी 'की-फ्रेम' ठेवतो, तिच्यामागे तोच प्रश्न आहे: वस्तू या क्षणी इथे, त्या क्षणी तिथे, मग मधल्या क्षणांत कुठे?

या मधल्या क्षणांत सगळी कला आहे. सिनेमाचा एक सेकंद २४ चौकटींचा, आपल्याकडच्या टीव्हीचा २५ चौकटींचा. पुष्कळदा एक चित्र दोन चौकटी धरून ठेवतात आणि सेकंदाला बाराच चित्रं काढतात. डोळा तेवढ्यावर समाधानी असतो. नवशिक्याचा पहिला सराव जगभर एकच असतो, उसळणारा चेंडू. तो सोपा दिसतो म्हणून बरेच जण घाईने उरकतात. तिथे रेंगाळायला हवं. ७५ सेंटिमीटर उंचीच्या टेबलावरून सोडलेला चेंडू जमिनीवर यायला सुमारे ०.४ सेकंद घेतो, म्हणजे २५च्या हिशेबाने १० चौकटी. आता पाचव्या चौकटीत तो कुठे असेल? बहुतेक जण सांगतात, अर्ध्या वाटेवर. प्रत्यक्षात तो फक्त पाव अंतर, १९ सेंटिमीटरच्या आसपास, खाली आलेला असतो. उरलेलं पाऊण अंतर तो शेवटच्या पाच चौकटींत कापतो. पडणारी वस्तू समान वेळात १, ३, ५, ७ अशा विषम संख्यांच्या प्रमाणात अंतर कापते, हे गॅलिलिओने दाखवून दिलं होतं. अ‍ॅनिमेटर तेच अंतर चित्रांमधल्या फटींत मांडतो. वर चित्रं एकमेकांना चिकटलेली, खाली दूर दूर.

चेंडू उसळून निम्म्या उंचीपर्यंत गेला असं धरलं, तर वर जायला ७ आणि खाली यायला ७ चौकटी लागतील. पुढच्या उसळीला ५ आणि ५. उंची निम्मी होते, पण वेळ निम्मा होत नाही. तो साधारण सात दशांश होतो. हे तक्त्यात लिहून मग चेंडू हलवला तर तो रबराचा वाटतो. अंदाजाने हलवला तर कागदाचा वाटतो, आणि नेमकं कुठे बिघडलं हे कळत नाही. वस्तूचा आकारसुद्धा वेळच सांगतो. २० मीटर उंच कड्यावरून सुटलेला दगड खाली यायला २ सेकंद, म्हणजे ५० चौकटी घेतो. तोच दगड १० चौकटींत खाली आणला, तर कितीही सुंदर रंगवलेला असो, तो खेळण्यातला खडा दिसतो. मला या शास्त्रातली सर्वांत विलक्षण गोष्ट हीच वाटते की वजन चित्रात नसतं, ते दोन चित्रांच्या मधल्या अंतरात असतं.

सॉफ्टवेअरमध्ये हे काम एका आलेखावर चालतं. आडव्या रेषेवर वेळ, उभ्या रेषेवर जागा किंवा वेग. दोन की-फ्रेममध्ये संगणक पुष्कळदा आपल्या मनाने सरळ रेष ओढतो आणि वस्तू यांत्रिकपणे सरकते. तिथे नवशिक्याचं काम पकडलं जातं. ती रेष वाकवायची म्हणजे हालचालीला सुरुवातीची आळसट ओढ आणि शेवटची सावकाश विसावणी द्यायची. रेष वाकवायला दोन दांड्या असतात. त्यामागचं गणित मोटारींच्या कारखान्यांतून आलं आहे: सिट्रोएनमध्ये पॉल द कास्तेल्जो आणि रेनोमध्ये पिएर बेझिए यांनी १९५० च्या दशकाच्या अखेरीपासून पुढच्या काही वर्षांत गाडीच्या पत्र्याचे वळणदार आकार नेमके मांडण्यासाठी ते घडवलं. ज्या वक्राने गाडीचं बॉनेट रेखलं, त्याच वक्राने आज अक्षराची वेलांटीही रेखली जाते आणि तिचा वेगही. आलेखाला घाबरून तयार 'इफेक्ट' लावत बसणारे विद्यार्थी वर्षानंतरही तिथेच असतात. महिनाभर फक्त आलेख वाकवत बसलेला पुढे निघून जातो.

निरीक्षणासाठी या शहराइतकी समृद्ध जागा शोधून सापडायची नाही. भेडाघाटला पंचवटी घाटावरून संगमरवरी कड्यांमधून नाव जाते. नावाडी यमक जुळवत वर्णन सांगत असतात आणि पर्यटकांचं सगळं लक्ष तिकडे असतं. शिकणाऱ्याने वल्ह्याकडे पाहावं. पाण्यातलं वल्हं जड, सावकाश, शेवटी जोर घेणारं. पाण्याबाहेर आलं की हलकं आणि झटक्यात पुढे. एका फेऱ्यात दोन वेगळ्या चाली आहेत. त्यात नावाड्याची पाठ आधी वाकते, मग हात, मग वल्हं आणि सर्वांत शेवटी नाव पुढे सरते. एक गोष्ट दुसरीला ओढते आणि दुसरी थोडी उशिरा पोहोचते. डिस्नेच्या फ्रँक थॉमस आणि ऑली जॉन्स्टन यांनी १९८१ च्या ग्रंथात अ‍ॅनिमेशनची जी बारा तत्त्वं मांडली, त्यांतली तीन-चार तरी या एका वल्ह्यात सापडतात: आधीची तयारी, मागून येणारी हालचाल, कमानीतून जाणारा मार्ग, सावकाश सुरुवात. मोबाइलवर अर्धं मिनिट चित्रण करून घरी चौकटी मोजल्या तर पुस्तकातलं चित्र स्वच्छ होतं.

धुआंधार धबधब्यापाशी याहून अवघड धडा आहे. पडणारं पाणी खाली येताना वेग घेतं आणि त्याच जागेवरून उठणारे तुषार मात्र रमतगमत वर तरंगतात. दोन्ही एकाच वेगाने हलवले तर धबधबा धुरासारखा दिसतो. कोसळणारं पाणी, उकळणारा पांढरा फेस आणि तुषार असे तीन थर करावेत, तिन्हींचे फेरे वेगवेगळ्या लांबीचे ठेवावेत, म्हणजे पुनरावृत्ती डोळ्याला सापडत नाही. आणि मदनमहालजवळची ती तोललेली शिळा! २२ मे १९९७ च्या भूकंपात शहरातल्या कितीतरी इमारतींना तडे गेले, ती मात्र जागची हलली नाही. तिचं रेखाटन करताना भार नेमका कुठून खाली उतरतो ती उभी रेषा शोधावी. माणूस उभा काढताना, चालता काढताना हीच रेषा लागते. चालताना माणूस दर पावलाला तोल घालवतो आणि पुढच्या पावलाने सावरतो. ती रेषा सापडली नसेल तर पात्र चालत नाही, घसरत जातं.

साधनांबद्दल फार चिंता करू नये. आफ्टर इफेक्ट्स या क्षेत्रात सर्वाधिक चालतं. १९९३ मध्ये अमेरिकेतल्या एका छोट्या कंपनीने ते काढलं आणि पुढच्याच वर्षी ते अडोबीकडे गेलं. नोकरीसाठी ते यायला हवं, पण त्याचं भाडं दरमहा भरावं लागतं. ब्लेंडर मोफत आहे, त्यात त्रिमित कामही होतं आणि ग्रीज पेन्सिलने हाताने काढलेलं द्विमितही. हाताने चित्रं काढणाऱ्यासाठी क्रिटा आणि ओपनटून्झ आहेत, तीही मोफत. लॅटव्हियाच्या गिंट्स झिल्बालोडिसने 'फ्लो' हा चित्रपट ब्लेंडरमध्ये केला आणि २०२५ मध्ये त्याला सर्वोत्कृष्ट अ‍ॅनिमेशनपटाचं ऑस्कर मिळालं. त्याआधीचा 'अवे' त्याने जवळजवळ एकट्याने पूर्ण केला होता. आपल्याकडे जे. जे. उपयोजित कला संस्थेत शिकलेल्या गीतांजली राव यांनी 'प्रिंटेड रेनबो' एकहाती रंगवला. २००६ मध्ये कानच्या क्रिटिक्स वीकमध्ये त्याचा गौरव झाला. छोट्या शहरात बसून, मोठ्या स्टुडिओविना हे काम होतं याबद्दल आता शंका उरलेली नाही.

हालचाल जितकी जास्त तितकं काम चांगलं, हा मात्र नवशिक्यांचा हट्ट सोडवावा लागतो. १९७४ चा 'एक अनेक और एकता' पुन्हा लावून पाहा. विजया मुळे या मराठी बाईंनी तो दिग्दर्शित केला, भीमसेन यांनी त्याचं अ‍ॅनिमेशन केलं. सपाट आकार, मोजके रंग, आणि पात्रं बहुतेक वेळ जवळपास स्थिर. पण जी हालचाल आहे ती अर्थाच्या नेमक्या जागी येते: चिमण्या एकेक करून वाढतात, पक्षी मिळून जाळं उचलतात. 'अनेक' म्हणजे काय हे मुलाला बोलण्याआधी दिसतं. माहितीपर मोशन ग्राफिक्सचा याहून चांगला वस्तुपाठ मला माहीत नाही. पडद्यावर काही हललं तर ते का हललं, हे एका वाक्यात सांगता यावं. सांगता येत नसेल तर ती हालचाल काढून टाकावी.

रीतसर शिक्षण घ्यायचं असेल तर शहरातच, डुमना विमानतळाच्या रस्त्यावर, २००५ मध्ये सुरू झालेली ट्रिपल आयटी डीएम ही संस्था आहे. तिथल्या डिझाइनच्या पदवीला यूसीड परीक्षेतून प्रवेश मिळतो. ती परीक्षा आयआयटी मुंबई घेते आणि तिच्यात चित्रकलेचाही भाग असतो. भोपाळला राष्ट्रीय डिझाइन संस्था, म्हणजे एनआयडी, आहे. अ‍ॅनिमेशनचा खोलवर अभ्यास करणाऱ्यांनी अहमदाबादची एनआयडी आणि आयआयटी मुंबईचं आयडीसी यांचाही विचार करावा. खासगी क्लास निवडताना एकच गोष्ट विचारावी: विद्यार्थ्यांचं काम दाखवा. सगळ्यांची कामं एकसारखी दिसली तर तिथे सॉफ्टवेअरची बटणं शिकवतात असं समजावं.

आता ज्या विषयाबद्दल मला सर्वांत आस्था आहे तो: देवनागरी. इंटरनेटवरचे जवळपास सगळे धडे रोमन अक्षरं धरून केलेले असतात. त्यात अक्षरं एकेक करून उडत येतात, एकमेकांपासून दूर सरकतात, टंकलेखकासारखी उमटतात. हेच देवनागरीला लावलं की घात होतो. अक्षरांमधलं अंतर वाढवलं की शिरोरेषा तुटते. टंकलेखकाचा परिणाम लावला तर 'किल्ला' लिहिताना आधी 'क' दिसतो, मग ऱ्हस्व वेलांटी येऊन त्याच्या डावीकडे घुसते आणि 'क' उजवीकडे ढकलला जातो. मग 'ल', मग त्याचा पाय मोडतो, मग जोडाक्षर. वाचणाऱ्याच्या डोळ्यांपुढे शब्द तीनदा रूप बदलतो. कारण संगणक वर्ण उच्चाराच्या क्रमाने साठवतो, तर डोळा अक्षर एकसंध पाहतो. म्हणून देवनागरीत हलवायचं ते पूर्ण अक्षर: स्वर, व्यंजन, काना-मात्रेसकट. 'किल्ला'मध्ये हलणाऱ्या वस्तू दोनच, 'कि' आणि 'ल्ला'.

जोडाक्षरं फुटत असतील आणि आफ्टर इफेक्ट्सची आवृत्ती जुनी असेल, तर आधी तिच्या प्रेफरन्समध्ये टाइपच्या विभागात जाऊन दक्षिण आशियाई लिप्यांचं टेक्स्ट इंजिन निवडावं. तरीही अडलं किंवा दुसरं सॉफ्टवेअर वापरत असाल, तर इंकस्केपमध्ये शब्द लिहून त्याचे आकार करून घ्यावेत आणि ते आणून हलवावेत. फॉन्ट युनिकोडचाच हवा. मध्य प्रदेशात ग्राहक अजूनही कृतिदेव या युनिकोडपूर्व फॉन्टमधला मजकूर पाठवतात. त्यात काना वेगळा, मात्रा वेगळी, अर्धं अक्षर वेगळं अशा सुट्या तुकड्यांनी शब्द रचलेला असतो आणि अक्षरागणिक हालचाल लावली की तुकडे चारी दिशांना उधळतात. मजकूर आधी युनिकोडमध्ये बदलून घ्यावा आणि बदलल्यावर एकदा मोठ्याने वाचावा, कारण रफार आणि वेलांट्या तिथेच निसटतात. चांगल्या मोफत फॉन्टची आता वाण नाही. मुंबईच्या 'एक टाइप' या संस्थेचे 'मुक्त', 'बलू', 'मोदक' सहज मिळतात. विंडोजसाठी 'मंगल' घडवणारे र. कृ. जोशी आयडीसीत शिकवत असत. सुलेखन आणि संगणक यांचा मेळ घालण्यासाठी त्यांनी जे केलं त्याचा आपल्याकडे अजून पुरेसा अभ्यास झालेला नाही.

शिरोरेषेला अडथळा समजण्याऐवजी तिच्यापासूनच रचना सुरू करता येते. आधी रेषा पडद्यावर आडवी ओढली जाते, मग तिच्याखाली अक्षरं एकेक करून लोंबू लागतात आणि लोंबताना किंचित झुलून स्थिरावतात. किंवा हाताने लिहिल्यासारखी आधी अक्षरं उमटतात आणि शेवटी रेषा येऊन त्यांना बांधते. रोमन लिपीत ही शक्यताच नाही.

जबलपूर १८१७ पर्यंत नागपूरकर भोसल्यांकडे होतं. इथल्या मराठी घरांतली मुलं मराठी आणि हिंदी दोन्ही सहज वाचतात, आणि या व्यवसायात ते मोठं भांडवल आहे. दोन्हींची लिपी एक असली तरी मराठी वळणाचे 'ल' आणि 'श' हिंदीपेक्षा वेगळे असतात. काही फॉन्टमध्ये भाषा मराठी निवडली की ते आपोआप बदलतात. 'दऱ्या', 'तऱ्हा' यांतला अर्धा 'र' हिंदीत नसतोच, म्हणून हिंदीपुरते तपासलेले फॉन्ट तिथे अडखळतात. 'ळ' ठळक वळणात कसा दिसतो तेही बघावं. एकाच जाहिरातीच्या दोन आवृत्त्या करताना शब्द बदलून भागत नाही, चौकटीही बदलाव्या लागतात. पडद्यावरची ओळ दोनदा मनात वाचून होईल इतका वेळ ती स्थिर राहिली पाहिजे, असा या धंद्यातला जुना दंडक आहे. हिंदीतली ओळ ५० चौकटींत दोनदा वाचून होत असेल आणि मराठीतली ६० घेत असेल, तर मराठीला ६० द्याव्यात आणि त्यामागची सगळी हालचाल तेवढी पुढे सरकवावी.